जिना चढला की दाढ दुखते

मी स्वभावानं भित्री आहे. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचून मी फार धीराची बाई आहे असा कुणाचा समज व्हायला नको. कुकरची शिट्टी लांबली तरी माझा हात छातीवर जातो. शाळा आठवीत सुटली, पुढं लग्न झालं, आणि नवरा बुऱ्हाणपूरजवळच्या एका कागदाच्या कारखान्यात कामाला होता म्हणून चंदगडच्या डोंगरातनं उठून मी तापीकाठच्या या उन्हात आले. माहेर इतकं लांब की आई म्हणते, "तुला भेटायचं म्हणजे देवाला निघाल्यासारखं गाठोडं बांधायला पाहिजे."

इथं मराठी बोलतात, पण पहिले काही महिने मला वाटे की माझी मराठी वाटेतल्या कुठल्या तरी स्टेशनावर उतरून गेली. "मले", "तुले", "करून राहिली", आणि बोलता बोलता हिंदी कधी सुरू झाली ते बोलणाऱ्यालाही कळत नाही. मी दुकानात बोट दाखवून वस्तू मागायची आणि खोलीत येऊन रडायची.

खोली बुऱ्हाणपुरातल्या राजपुऱ्यात. तिथल्या घरमालकीणबाईंना मी मावशी म्हणते. नदीपलीकडं त्यांची केळीची बाग आणि घराच्या मागच्या अंगणात केळीच्या वेफरची भट्टी. यजमान गेल्यापासून दोन्ही त्याच बघतात. बाग मुलगा बघतो, असं मुलगा म्हणतो. माझं रडणं भिंतीपलीकडून ऐकून ऐकून एके दिवशी मावशींनी दार वाजवलं आणि माझ्या हातात किसणी दिली. म्हणाल्या, "रडायचं तं भट्टीपाशी रड वं माय. तिथं सगळ्यांच्याच डोयात पाणी येते."

तेव्हापासून मी भट्टीवर आहे. कच्च्या केळ्याचं साल काढायचं आणि किसणी थेट उकळत्या तेलावर धरून चकत्या सोडायच्या. भित्र्या बाईला हे काम कसं जमलं, कुणास ठाऊक. मावशी शेजारी बसायच्या म्हणून जमलं असावं. माझं बाळंतपणही त्यांनीच केलं. आईला दमा, तिला एवढा प्रवास झेपला नाही. मावशींनी सव्वा महिना मला पाण्यात हात घालू दिला नाही आणि बाळाला रोज स्वतःच्या पायावर घेऊन न्हाऊ घातलं. बुऱ्हाणपुरात माझं माणूस कोण, असं कुणी विचारलं तर नवऱ्याच्याही आधी माझ्या तोंडात मावशींचं नाव येईल. नवऱ्यालाही हे ठाऊक आहे.

आता एका शब्दाबद्दल सांगते.

आमच्याकडं घाबरणं म्हणजे भिणं. साप दिसला, घाबरलो. परीक्षा आली, घाबरलो. इथं तसं नाही. इथं जीव घाबरतो, म्हणजे छातीत कसंतरी होतं, श्वास पुरत नाही, बसवत नाही. हिंदीत त्यालाच घबराहट म्हणतात. मला हे कळलं ते दवाखान्यात. बाळ वर्षाचं झालं असेल, माझ्या छातीत धडधड व्हायला लागली आणि मी आता मरते म्हणून एकटीच जवळच्या डॉक्टरांकडं गेले. तिथल्या कंपाउंडरनं विचारलं, "घबराहट होती है क्या?" मी म्हटलं, "होती है ना. बचपन से होती है." बाकावरचे सगळे पेशंट हसले. डॉक्टरांनी छातीला गार गार वाट्या लावून ईसीजीची पट्टी काढली, बघितली आणि म्हणाले, "दिल अच्छा है बेटा. मन डरता है." ही गोष्ट मीच घरी येऊन सांगितली आणि पस्तावले. पुढं कितीतरी दिवस भट्टीवरच्या बाया मला विचारत, "काय वं, आज बचपनवाली होऊन राहिली की नवीन?"

मावशी मात्र कशाला भीत नसत. वीज कडाडली तरी बागेतून घराकडं पळत आल्या नाहीत कधी. त्यांना एकच भीती होती, ती पायांची. साखरेचा आजार जुना. त्यांच्या नणंदेला हाच आजार होता आणि तिच्या पायाचं बोट कापावं लागलं होतं. त्यामुळं शुगर पायात उतरते, हे त्यांच्या मनानं पक्कं धरलं होतं. घरातसुद्धा चप्पल. देवापुढं तेवढी काढायच्या. संध्याकाळी हातआरसा घेऊन स्वतःचे तळवे निरखायच्या, कुठं चिरा नाही ना. पायांसाठी एवढं केलं की मग बाकीच्या अंगाला मोकळीक. इथली माव्याची, म्हणजे खव्याची, जिलेबी समोर आली की म्हणायच्या, "त्यात धान नही काही. निरा मावा आहे." सून कपाळाला हात लावायची. डॉक्टरकडं तपासणी असली की आधीचे काही दिवस मावशी कारल्याच्या रसावर. तपासणी चांगली निघायची, डॉक्टर शाबासकी द्यायचे, आणि परत येताना चौकातून जिलेबी यायची. तीन महिन्यांची साखर एकदम सांगणारी तपासणी असते, ती डॉक्टरांनी लिहून दिली होती. मावशी म्हणायच्या, "रोजची पास होऊन राहिली मी, मंग सहामाही कायले देऊ?"

त्या हिवाळ्यात मावशींची दाढ दुखायला लागली.

वेफर तळून झाले की पोत्यांत भरून माडीवर न्यायचे, तिथं पॅकिंग. मावशी वर यायच्या आणि वरच्या पायरीवर गाल धरून उभ्या राहायच्या. "दाढ ठणकली वं." थोडं बसल्या की थांबायची. लवंग धरून झाली, मिठाच्या गुळण्या झाल्या. सून म्हणाली, "आत्याबाई, जेवताना नही दुखत का?" मावशी म्हणाल्या, "जेवताना कायले दुखीन? तिले जेवण आवडते." सगळ्या हसल्या. मीही हसले. जिना चढला की दाढ दुखते ही घरातली थट्टा होऊन बसली. मुलगा म्हणायचा, "माय, तुझ्या दाढेले लिफ्ट पाहिजे."

ज्या दिवसाचं सांगते तो संकष्टीचा. मावशींचा उपास, चंद्र दिसेपर्यंत साबुदाणासुद्धा नाही. सकाळची साखरेची गोळी मात्र त्यांनी घेतली होती, कारण गोळी उपासाला चालते. दुपारी भट्टीवर मी, सून आणि मावशी अशा तिघीच होतो. मावशी सालं काढत होत्या. मी घाणा काढून झारा निथळवत होते, आणि शेजारी सालं पडायचा आवाज थांबला म्हणून वळून बघितलं. मावशी भिंतीला टेकल्या होत्या. कपाळावर, ओठावर, गळ्यावर घाम. भट्टीपाशी घाम येतोच, पण तो तांबूस चेहऱ्यावरचा असतो. मावशींचा चेहरा सोललेल्या केळ्यासारखा झाला होता.

"काय होतंय मावशी?"

"जीव घाबरून राहिला," त्या म्हणाल्या. एवढंच.

तेवढ्यात मुलगा बागेतून जेवायला आला. त्यानं आईकडं पाहिलं आणि लगेच निकाल दिला, "शुगर डाऊन. उपास कायले धरते माय तू? गोळी घेते आन् उपाशी राहते." सुनेनं धावत साखरेचं पाणी आणलं. त्यात चूक काही नव्हती. साखरेच्या घरात घाम फुटला की आधी गोड, हे पोरापोरांना माहीत असतं. मावशींनी दोन घोट घेतले. मुलानं फ्रिजमधून आदल्या दिवशीची जिलेबी आणून त्यांच्या हातात ठेवली. "खा. आज देव पाहून नही राहिला."

आम्ही वाट बघत थांबलो.

या घरात साखर उतरलेली मी आधी पाहिली होती. तेव्हा मावशी चिडायच्या, हात लटलट कापायचे, हावरटासारखं खायच्या, आणि खाल्लं की थोड्या वेळात माणसात येऊन म्हणायच्या, "माह्याकडे काय पाहता? कामं नही का तुमाले?" आज जिलेबी हातात तशीच होती. पाक मनगटावर उतरला होता आणि मावशी त्याच्याकडं बघतही नव्हत्या.

मी म्हटलं, "मशीन आणा. साखर बघू."

सुनेनं बोट टोचलं. आकडा तीनशेच्या वर. ती म्हणाली, "बोटाले पाक लागलेला ना." बरोबर होतं तिचं. साबणानं हात धुतला, कोरडा केला, दुसऱ्या हाताचं बोट टोचलं. आकडा थोडाच खाली आला. म्हणजे साखर उतरलेली नव्हतीच. सून मशीनकडं बघत म्हणाली, "मंग घाम कायचा?"

"गॅस असन," मुलगा म्हणाला. "उपाशीपोटी गॅस चढते. सोडा आणू का?"

आता इथं मी जे बोलले ते माझ्या आयुष्यात मी कुणाला बोलले नव्हते. "सोडा नको. गाडी आणा."

मुलगा हसला. वाईट नाही हसला, सवयीनं हसला. "वहिनी, तुम्ही तं मांजर आडवी गेली तरी दवाखान्यात जाता."

"म्हणूनच सांगते," मी म्हटलं. "मला रस्ता माहीत आहे."

मला खरंच माहीत होता. घाबरणं हा माझा रोजचा धंदा. माझ्या घाबरण्यात तोंड कोरडं पडतं, कान तापतात, तळहात ओले होतात आणि मी बडबडते. भीती बडबड करते. चार माणसं जवळ पाहिजेत तिला. ही बाई गप्प झाली होती. सोडा म्हटल्यावर नाही म्हणत नव्हती, जिलेबीवर बोलत नव्हती, मुलाला रागावत नव्हती. जी बाई बागेत नाग बघून "जाय रे बापा, मले टाइम नही" म्हणाली, तिचा जीव घाबरला असेल तर तो मनात घाबरलेला नाही. जिथं घाबरला तिथं पट्टी काढणारं मशीन लावायला पाहिजे.

मावशी उठायला लागल्या. "घाणा जळन," म्हणाल्या. मी भट्टीचा गॅस बंद केला आणि त्यांना परत खाली बसवलं. "एक पाऊल टाकायचं नाही." आमची गल्ली अरुंद, केळी वाहायची पिकअप गल्लीच्या तोंडाशीच थांबते. तिथपर्यंत चालत नेऊ म्हणाला मुलगा. मी नाही म्हटलं. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून एका बाजूनं तो, दुसऱ्या बाजूनं आम्ही दोघी, असं उचलून नेलं. शेजारणी दारात आल्या. मावशी पहिल्यांदा काही बोलल्या. आवाज अगदी खालचा. "खाली ठेव रे. लोक म्हनतीन बुढीची वरात निघाली."

दवाखान्यात डॉक्टर तेच. त्यांनी मला ओळखलं आणि माझ्याच नाडीला हात घालायला निघाले. मी म्हटलं, "मी नाही. या." त्यांनी विचारलं, कधीपासून. मुलगा म्हणाला, "बस अभी, आधा घंटा." मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी म्हटलं, "साहेब, जिना चढला की यांची दाढ दुखते. बसलं की थांबते. बरेच दिवस झाले."

मुलगा माझ्याकडं बघायला लागला, घरची थट्टा इथं कशाला म्हणून. डॉक्टर हसले नाहीत. कंपाउंडरला त्यांनी मशीन ओढायला सांगितलं. वाट्या लावता लावता मुलाला म्हणाले, "दाढ़ को सीढ़ी क्या मालूम, भैया?"

पट्टी निघाली. माझ्या पट्टीवर छोटे छोटे टोकदार डोंगर सारखे उभे होते, मला आठवत होतं. मावशींच्या पट्टीवर डोंगर चढून गेला होता आणि उतरायचा विसरला होता. डॉक्टरांनी एक गोळी चावून खायला दिली आणि मावशी ती चावत असतानाच मोठ्या सरकारी दवाखान्याला फोन लावला. हार्ट अटॅक. चालू होता. आमच्यासमोर, केळी सोलताना सुरू झालेला, छातीत एक कळही न येता.

आम्ही लगेच तिकडं नेलं, आणि तिथं रक्ताची गाठ विरघळायचं इंजेक्शन झालं. सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य होतं, वेळेत आणलं. मुलगा बाहेर भिंतीला डोकं लावून उभा होता. म्हणाला, "वहिनी, मी जिलेबी खाऊ घालत होतो." मी म्हटलं, "साखर उतरली असती तर तुमच्या जिलेबीनंच त्या वाचल्या असत्या." मी हे त्याला बरं वाटावं म्हणून म्हटलं, पण पुढं जळगावच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. घाम फुटला तर आधी साखर बघा, उतरली असेल तर गोड द्या. पण गोड देऊन माणूस सुधारला नाही, तर गोडावर थांबू नका.

हृदयाच्या पुढच्या इलाजासाठी जळगावला आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी अँब्युलन्सनं गेलो. मावशी म्हणाल्या, ही पाहिजे बरोबर. नवऱ्यानं रजा टाकली आणि बाळाला सांभाळलं. तिथले हृदयाचे डॉक्टर मराठी बोलणारे, तरुण, घाईतले, पण मावशींनी त्यांना सोडलं नाही. "मी पाय इतके सांभाळले डॉक्टरसाहेब. पायाले एक चिरा नही. मंग हे वर कसं गेलं?"

डॉक्टर स्टूल ओढून बसले. म्हणाले, "आजी, साखर पायात उतरत नाही आणि वरही चढत नाही. ती रक्तात असते आणि रक्त सगळीकडं असतं. पायाला ज्या नळ्या, तशाच हृदयाला, फक्त बारीक. साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की नळीचं आतलं अस्तर खराब होतं. तिथं चरबी चिकटते, वाट अरुंद होते. तुम्ही जिना चढायच्या तेव्हा हृदयाला रक्त जास्त लागायचं आणि वाटेतून ते पुरायचं नाही. तेच तुमच्या दाढेत दुखायचं."

"छातीत कायले नही दुखलं?"

"साखर नसाही बोथट करते. पायाला खडा टोचला तरी तुम्हाला कळत नाही ना, म्हणून तर चप्पल घालता. तसंच हृदयाचं. ते ओरडतं, पण आवाज येत नाही."

मावशींनी पांघरूण सारून आपले पाय बघितले. मग म्हणाल्या, "म्हंजे शुगर आन् दिल, दोन बिमाऱ्या नही."

"दोन दारं आहेत. घर एकच." डॉक्टर उठता उठता म्हणाले. तीन महिन्यांची तपासणी तिथं झालीच, आणि कारल्याच्या रसानं झाकलेलं सगळं उघडं पडलं. मावशींनी आकडा ऐकला आणि सुनेकडं न बघता म्हणाल्या, "कळलं मले. तू बोलू नको."

अँजिओप्लास्टीला न्यायच्या आधी त्यांना हिरवा झगा घातला. केसातल्या पिना काढल्या, बांगड्या काढून माझ्या ओढणीत बांधल्या. स्ट्रेचर यायला वेळ होता. त्यांनी माझं मनगट धरलं.

"पोरी, घाबरून राहिली मी."

मी नर्सला हाक मारायला वळले. "छातीत? श्वास लागतोय?"

"नही वं. तुह्यावालं. मनातलं."

बुऱ्हाणपुरात आल्यापासून या माणसानं मला सगळं शिकवलं होतं आणि माझ्याकडून घ्यावं असं काही माझ्यापाशी नव्हतं. हे एक होतं. मी म्हटलं, "मग सोपं आहे मावशी. हे घाबरणं मारत नाही. बोलत राहायचं फक्त. काहीही बोला." मावशी बोलायला लागल्या. बागेतले कोणते घड कापणीला आलेत, पाणी कुणाच्या पाळीचं आहे, सून मीठ जास्त टाकते, मुलाला हिशेब कळत नाही, माझ्या बाळाचं जावळ अजून काढलं नाही. स्ट्रेचर आलं तरी बोलत होत्या. दार बंद झालं तेव्हा आतून त्यांचा आवाज येत होता, आतल्या कुणाला तरी त्या त्याचं गाव विचारत होत्या.

आम्ही बाहेर बसलो. मी एकदाही मरणाचा विचार केला नाही असं लिहिलं तर खोटं होईल. पण मी बडबडले नाही. जे करायचं ते करून झालं होतं, ते बरोबर केलं होतं, आणि हे मला ठाऊक होतं. एवढं पक्कं काही ठाऊक असण्याची मला सवय नव्हती.

डॉक्टर बाहेर आले आणि मुलाला पडद्यावर दाखवलं. एका नळीत स्प्रिंग बसवली होती. जिथं आधी काळा धागा मधेच तुटल्यासारखा दिसत होता, तिथून तो आता खालपर्यंत गेला होता. मुलानं डॉक्टरांच्या पायाला हात लावला. डॉक्टर दचकून मागं सरले.

संध्याकाळी मावशींना खायची परवानगी मिळाली. मुगाची पातळ खिचडी आली, वर झाकण. मावशी जाग्या होत्या, भुकेल्या होत्या आणि चिडल्या होत्या, म्हणजे ठीक होत्या. मी झाकण काढलं तशी नर्स म्हणाली, "थांबा. आधी साखर."

"आता पुन्हा?" मावशी म्हणाल्या. "दिल दुरुस्त झालं ना बाई."

"दुरुस्त राहावं म्हणून."

नर्सनं बोट टोचलं, आकडा वाचला, लिहून घेतला आणि इन्सुलिनची छोटी सुई पोटाला दिली. आकडा अजून जास्तच होता, पण कालच्यापेक्षा पुष्कळ उतरलेला. तिनं मला मान हलवून खूण केली. मी चमचा भरला. मावशींनी पहिला घास तोंडात घेतला, हळूहळू चावला आणि म्हणाल्या, "मीठ नही यात." मग दुसऱ्या घासासाठी तोंड उघडलं.